दरमहा दहा

एल्डोरेटला पहाटे पाचला अंधारातून पावलं ऐकू येतात,
आधी चार-पाच, मग शंभरेक,
पत्र्यावर मका ओतावा तशी.
त्यांतली दोन माझ्या भावाची, किबिवोटची.
मी खिडकी लावून घेते
आणि पन्हळींवर लिहायला बसते.

बर्फ मी पाहिलेला नाही.
गारा पाहिल्यात, एकदाच. आईनं त्या पातेल्यात भरल्या होत्या
पाहुण्यांना दाखवायला; पाहुणे येईतो पाणी.
पण डुलुथ नावाच्या गावात
छपराच्या कडेला बर्फ कसा थिजतो, पाणी उलटं कसं शिरतं,
हे त्या गावातही माझ्याइतकं फार जणांना ठाऊक नसेल.
'लिंडक्विस्ट अँड सन्स, छपरं आणि पन्हळी':
त्यांच्यासाठी आजवर एकशे चौदा लेख.
ठरलेले शब्द प्रत्येकात सात वेळा,
एकदा मथळ्यात, एकदा पहिल्या ओळीत,
उरलेले मिठासारखे:
जिभेला कळावेत, डोळ्यांना दिसू नयेत.

लोक यंत्राला काय काय विचारतात
त्याची यादी दर सोमवारी येते.
शेजारी आकडे. महिन्याला किती जण, चढाओढ किती.
'पन्हळ साफ करायचा खर्च', नऊ हजार.
'पन्हळीत खार मेली आहे', दोनशे दहा.
'शेजाऱ्याचा बर्फ माझ्या अंगणात', सत्तर.
आणि पार तळाशी, जिथवर कुणी उतरत नाही,
'बाबा नसताना छपरावरचा बर्फ कसा काढायचा'.
दरमहा दहा.
चढाओढ शून्य.

चहा गार झाला.
दहा जण?
की एकच कुणी, दहा वेळा?

मी त्याचा उपमथळा केला, खाली चार ओळी लिहिल्या.
टॅनरनं त्या लाल केल्या.
'छान आहे. पण संख्या नाही. काढ.'
त्याचंही चुकत नाही. महिनाअखेर त्याला आलेख दाखवायचा असतो,
आणि माझे शब्दामागे दीड शिलिंग
त्याच आलेखातून ठिबकतात.

काढलं.
मग चित्रामागे ठेवलं.
प्रत्येक चित्रामागे एक ओळ असते, डोळसांना न दिसणारी.
यंत्र ती वाचतं, आणि ज्यांना दिसत नाही
त्यांना ती ऐकू येते.
'लाल टोपीतली बाई, बाबा नसताना,
छपरावरचा बर्फ काढते आहे.'
टॅनर तिथे बघत नाही.

किबिवोट शर्यतीत वेग लावून देतो.
रॉटरडॅमला तीस किलोमीटर सगळ्यांच्या पुढे,
वारा छातीवर घेत. मग बाजूला होतो,
कठड्याला टेकतो. फीत दुसराच कुणी तोडतो.
आई टीव्हीसमोर तिसाव्या किलोमीटरपर्यंतच बसते,
मग उठून भांडी घासते.
परवा तो म्हणाला, तुझंही तसंच की गं.
मी म्हटलं, तुला निदान वारा तरी लागतो.

मार्चची यादी आली.
त्या प्रश्नाला पहिलं आमचंच पान.
दुसरं कुणी धावतच नव्हतं.
या महिन्यात अकरा.
अकरावी मीच. एका रात्री वीज जाऊन आल्यावर
टाइप करून पाहिलं होतं, वर येतंय का.
आलं होतं. लाल टोपी, जमिनीवर घट्ट पाय.
मी खाली वाचत गेले, बाबा नसलेल्या माणसासारखी,
आणि खाली नुसते दर.
फुटाला किती, कोपऱ्याला किती, रविवारी जादा.

दहाही जणांना मी हात धरून
इथवर आणलं होतं.

आज खिडकी उघडीच आहे. पावलं लांब गेलीत.
'रविवारी जादा आकार पडेल' या वाक्याला चिकटूनच,
उपमथळा न देता, लिहिते:
शिडी लावू नका. जमिनीवरूनच ओढा, कडेपासून तीन फूट.
आधी कुणाला तरी फोन करून सांगा की मी बाहेर आहे.
हातमोजे त्यांचेच घाला,
सैल झाले तरी.